एका ओढीत सुटणारी गाठ

ताडपत्रीवाल्याच्या दुकानासमोर ट्रक उभा राहिला की भांडण ठरलेलं. तो ताडपत्री अशी ताणून बसवतो की वर नाणं टाकलं तर उडावं. कोपरे नीट दुमडतो, दोर खेचताना ट्रकसुद्धा कण्हतो. एवढं सगळं करून शेवटी गाठ मारतो ती एका ओढीत सुटणारी. टोक धरून हिसका दिला की मोकळी.

"अरे बाबा, वाटेत कुणीही ओढील की!" ड्रायव्हर बोंबलतो.

"ओढू दे. माल जाईल. माल परत भरता येतो."

"पक्की गाठ येत नाही का तुला?"

हे ऐकलं की कोपऱ्यात पोत्यांच्या थप्पीवर बसलेला लंगडा म्हातारा पोट धरून हसतो. हा ताडपत्रीवाल्याचा दाजी, थोरल्या बहिणीचा नवरा. "येते तर! ह्याच्या पक्क्या गाठीखाली मी स्वतः बसून आलोय. विचारा त्याला!"

विचारून उपयोग नाही. ताडपत्रीवाल्याला पुढचे दात नाहीत आणि बोलायची हौसही नाही. सगळे त्याला रेडा म्हणतात, कारण मनात आलं की मान खाली घालून घुसायचं एवढंच त्याला ठाऊक. तेव्हा सांगतात ते दाजीच, आणि सांगताना पोत्यांवरून निम्मे उठतात.

लढाई लागली तेव्हा दोघंही दर्यासैनिक होते. जहाजातून उतरायचं आणि पाण्यातून किनाऱ्यावर चढून लढायचं. दाजी पाण्यातही चालणारी चिलखती गाडी हाकायचे, रेडा मागच्या होडीत असायचा. निघताना ताईनं भावाला दारातच अडवलं होतं. "हे सोबत असले तरच घरी ये. एकटा आलास तर मी दार उघडणार नाही." ताईची जीभ सगळ्या गल्लीला माहीत होती. ती बोलायची ते करायची.

किनाऱ्यावर उतरायच्या दिवशी दाजींच्या गाडीच्या वरच्या झाकणाची कडी मोडली. झाकण लाटेनं उघडलं तर पाणी आत, आणि इंजिन गार. दाजींनी हाक मारली, "मेहुण्या, बांधून टाक रे बाहेरून! अशी बांध की दर्याच्या बापाला सुटू नये. आम्ही मागच्या दारानं उतरू."

रेड्याचा बापही ताडपत्रीवालाच. बापानं शिकवलेली गाठ त्यानं सुताच्या दोरानं ठोकली. ती गाठ भिजली की आणखी आवळते. त्या घरची शान होती ती. बाप गिऱ्हाइकाला छातीवर हात मारून सांगायचा, "ही सोडायची नसते, कापायची असते."

गाड्या पाण्यात पडल्या. किनारा जवळ आला आणि समोरून तोफ बोलली. धडाम! दाजींची गाडी उचलल्यासारखी झाली आणि ढुंगणावर बसावी तशी वाळूच्या खड्ड्यात बसली. मागचं दार वाळूत रुतलं. दाजींच्या डोक्यावरचं छोटं झाकण गोळ्यानं वाकून जाम. राहिलं एकच, वरचं मोठं झाकण. आणि ते कुणी बांधलं होतं? वर भरती चढत होती, गाडीत पाणी शिरत होतं, आत दाजी धरून सहा माणसं पत्र्यावर बुक्क्या मारत होती.

होडीतल्या साहेबांना हे दिसायच्या आत रेड्याला दिसलं. बंदूक फेकली, बूट फेकले, कमरेचा पट्टा फेकला आणि मारली उडी.

"मागे फिर! मागे फिर, गाढवा!" साहेब ओरडले. पण रेडा कधी मागे फिरलाय?

गोळ्या पाण्यात चुळूक चुळूक पडत होत्या. हा बुडी मारायचा, वर यायचा, पुन्हा बुडी. गाडीच्या टपावर चढून पालथा पडला तर आजूबाजूला पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज. गाठ समोर होती. चाकूसाठी कमरेला हात घातला, आणि कमरेला काहीच नाही! चाकू पट्ट्याला, पट्टा होडीत.

झाकणाच्या फटीतून दाजींचा आवाज आला, "कोण आहे वर?"

"मी, दाजी!"

"तूच बांधलीस ना? मग सोड की!"

"सुटत नाही, दाजी!"

"सुटत नाही म्हणजे? पाणी छातीला आलंय इथं!"

"अहो, तुम्हीच म्हणालात ना, दर्याच्या बापाला..."

"मेलो तर तुझ्या बहिणीला तू सांग!"

बस्स. रेड्यानं मान खाली घातली आणि गाठीला तोंड लावलं. ओला दोर, खारट, दगडासारखा. एक पेड दातांत धरला आणि मान अशी झटकली की हाडं वाजली. दोर हलला नाही, दात हलला. पुन्हा धरला. पुन्हा झटका! तोंडात रक्त, नाकात पाणी, लाट टपावरून गेली तर हा गाठीलाच दातांनी लटकलेला. काड् करून एक दात गेला, पाठोपाठ दुसरा, आणि तो पेड केसभर सरकला. केसभर म्हणजे खूप झालं! फटीत बोट, बोटामागे अंगठा, आणि बापाची ती कधी न सुटलेली गाठ सुटली.

झाकण उघडलं तशी डोकी वर आली. रेड्यानं मिळेल ते धरलं, कुणाची कॉलर, कुणाचे केस, आणि एकेकाला खेचून गाडीच्या आडोशाला पाण्यात लोटलं. पाच झाले. दाजी नाहीत!

दाजींचा पाय वाकलेल्या पत्र्यात अडकला होता आणि पाणी हनुवटीला. रेडा डोकं पुढं करून आत घुसला. वरून फक्त त्याच्या तंगड्या दिसत होत्या. दाजी म्हणाले, "पाय राहू दे, मला काढ!"

"दोन्ही काढतो," असं काहीतरी रेडा फसफसला आणि त्यानं पत्र्याला खांदा लावला. पत्रा वाकला, पाय सुटला, बुटासकट कातडं मागे राहिलं. दोघं वर आले तेव्हा गाडीत हवाच उरली नव्हती. तोवर साहेबांनी होडी वळवून आणली होती. त्यांनी स्वतः हात देऊन सगळ्यांना वर घेतलं. शिव्याही घातल्या, पण नाव वर पाठवलं.

पदक मिळालं. मोठ्या साहेबांनी छातीवर लावताना "हस रे" म्हटलं तर गड्यानं ओठ आणखी घट्ट मिटले. फोटोत तो पदक मिळालेला नाही, पकडून आणलेला वाटतो. ते पदक आता शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनच्या डब्यात असतं.

घरी आले तेव्हा ताईनं दार अर्धंच उघडलं. आधी भावाला बघितलं, मग त्याच्या मागं कुबडीवरच्या नवऱ्याला.

"दात कुठंयत रे?"

"दाजींच्या झाकणावर."

"आणि ह्यांचा पाय?"

"आहे. जरा सोलवटलाय."

मग तिनं पूर्ण दार उघडलं.

बापाची गाठ त्या दिवसापासून दुकानात बंद. बाप जिवंत होता तोवर ह्यावरून कुरकुरला, पण रेडा ऐकतोय होय! आजही ताडपत्री शिवताना दोरा तोडायचा झाला की तो दाजींकडे टोक धरतो. कात्री हाताशी असते, पण दाजी ती घेऊ देत नाहीत. दातांनी कडकन दोरा तोडतात आणि ड्रायव्हरला दात दाखवतात. "माझे सगळे शाबूत! त्याच्या दातांचं कर्ज हप्त्यानं फेडतोय."

तेवढ्यात मागच्या घरातून ताईची हाक येते, "जेवायला या! आणि दोघं या, एकटा आला तर दार उघडणार नाही!"

"चला दाजी," रेडा हात पुढं करतो.

"हात कशाला? चालतो मी."

"काल पडलात."

"तू ढकललंस!"

ड्रायव्हर तिथंच उभा राहतो, त्या सुटत्या गाठीचं टोक बोटात धरून. मग ते दोराखाली नीट खोचतो आणि चावी फिरवतो.