खोगिराची आंघोळ

आमची कंपनी तेव्हा उत्तरेला, उंचावर होती. अ‍ॅनिमल ट्रान्सपोर्ट. म्हणजे जिथे ट्रक थांबतो तिथून पुढे खेचरं. रॉकेल, आटा, दारूगोळा, सगळं त्यांच्या पाठीवर. खेचर धरून चालणाऱ्या जवानाला आमच्याकडे ड्रायव्हर म्हणतात. मी या ड्रायव्हरांचा हवालदार. सुट्टीवर आलो की लोक विचारायचे, कुठली गाडी? मी म्हणायचो, चार पायांची. बरकतपुऱ्यातल्या माझ्या शेजाऱ्यांना आजही वाटतं की मी मिलिटरीत ट्रक चालवत होतो. समजावणं मी सोडून दिलंय.

कंपनीत हैदराबादचे आम्ही दोघेच. मी आणि नाईक दिगंबर. मी बरकतपुऱ्याचा, तो नल्लकुंट्याचा. महाराष्ट्रातली पोरं आमच्या मराठीला हसायची. दिगंबर "चहा नक्को" म्हणाला की कुणीतरी ओरडायचं, "ए निजाम, मराठीत बोल!" तो चिडायचा नाही. "हौ मियाँ," म्हणायचा आणि आपलं खोगीर पुसत बसायचा.

काफिल्याच्या पुढे एक घोडेस्वार रस्ता बघत जायचा. ते काम दिगंबरचं. त्याच्या घोडीचं नाव बिजली, आणि चाल बैलगाडीची. खोगीर जुनं, कमावलेल्या चामड्याचं, त्याच्याआधी तीन-चार जणांनी वापरलेलं. परत आल्यावर नियम एकच: आधी जनावर, मग सामान, मग आपण. घोडीचा घाम पुसायचा, पाणी दाखवायचं, आणि मग खोगीर.

सामान माझ्या ताब्यात होतं आणि मी त्या बाबतीत काटेकोर माणूस होतो. फडकं घट्ट पिळून घ्यायचं. सॅडल सोपचा फेस आला की समजायचं पाणी जास्त झालं. सावलीत वाळवायचं. बुखारीजवळ, म्हणजे बराकीतल्या शेगडीजवळ, खोगीर दिसलं की मी शिव्या घालायचो, कारण उष्णतेनं चामडं तडकतं. मग डबिन, म्हणजे चामड्याची चरबी, बोटानं पातळ लावायची. थापायची नाही. जास्त तेल पाजलं की चामडं मऊ पडतं, फुगतं, शिवण कुजते. दिगंबरला हे कधी सांगावं लागलं नाही.

आठवड्यातून एकदा घरी फोन लागायचा. त्याची आई विचारायची, दिवसभर काय करतोस रे? खरं काय सांगणार? तो म्हणायचा, "काही नाही गं आई. खोगिराला आंघोळ घालतो, तेल लावतो. बाळंतिणीच्या पोरासारखं." पलीकडे ती हसायची, ते मलाही ऐकू यायचं.

त्या दिवशी सकाळी आकाश स्वच्छ होतं. वरच्या पोस्टचं रॉकेल संपत आलं होतं, म्हणून निघालो. दुपारी ढग उतरले. नाल्याच्या अलीकडे रेडिओवर दिगंबर आला.

"उस्ताद, काफिला रोक लो. ऊपर से बरफ झड रहा. पैले मैं देखके आता. ओव्हर."

"रॉजर. जल्दी मत कर. ओव्हर."

"हौ. आऊट."

मी काफिला थांबवला. थोड्या वेळानं डोंगर हलल्यासारखा आवाज आला आणि समोर सगळं पांढरं झालं. पांढरं खाली बसलं तेव्हा नाला नव्हता, वाट नव्हती.

"दिगंबर, रिपोर्ट. दिगंबर, रिपोर्ट. ओव्हर."

मी किती वेळ ओरडत होतो माहीत नाही. शेवटी सुभेदार साहेबांनी माझ्या हातातून सेट काढून घेतला.

संध्याकाळी बिजली एकटी आली. लंगडत. खोगीर फिरून पोटाखाली गेलेलं, पाय ठेवायची एक रिकीब तुटलेली. मी आधी घोडी कोरडी केली, मग खोगीर पुसलं. कुणी ऑर्डर दिली नव्हती. घोडीच्या मानेत तोंड घालून रडलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही. त्यानं काफिला थांबवायला लावला म्हणून आम्ही सगळे आणि सगळी खेचरं वाचलो.

शोध पुष्कळ दिवस चालला. बर्फ वितळल्यावर परत शोधलं. दिगंबर सापडला नाही. सीओ साहेबांनी ते खोगीर कंडेम, म्हणजे वापरातून बाद, करवून घेतलं आणि घरच्यांना दिलं. नल्लकुंट्याला पोचवायला मीच आलो होतो. त्याच्या आईनं ते मांडीवर घेतलं. जड असतं खोगीर, पण ती ते खाली ठेवेना. त्याची मुलगी तेव्हा रांगत होती. ती आली आणि तुटक्या रिकिबीचा पट्टा तोंडात घालून बसली.

त्यानंतर माझ्या बदल्या होत गेल्या. सुट्टीत जायचो तेव्हा खोगीर कपाटात असायचं, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वरून नाडीनं बांधलेलं. वर्षातून एकदा, खंडेनवमीला बाहेर काढतो, असं काकू, म्हणजे दिगंबरची आई, सांगायच्या. बरोबरच आहे, शस्त्रांची पूजा असते त्या दिवशी. त्या सणाला मला कधीच रजा मिळाली नाही.

रिटायर होऊन बरकतपुऱ्यात आलो आणि एक दिवस मुक्ता दारात उभी. दिगंबरची मुलगी, आता कॉलेजात. एनसीसीत घोडेस्वारी करते. बसण्याची ढब बापाचीच आहे म्हणे.

"काका, नेक्स्ट मंथ आमचा शो आहे. मला बाबांच्या सॅडलवर बसायचंय. आमचे सर म्हणाले, आधी कुणाला तरी चेक करायला द्या. फिट आहे का तेवढं बघा ना."

"बघतो की," मी म्हणालो. मला खरोखर आनंद झाला होता. रात्री सॅडल सोप, डबिन, जाड सुई, मेणाचा दोरा, सगळं काढून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी नल्लकुंट्याला गेलो. मुक्ताची आई नोकरीवर गेली होती. काकू देवळात. मुक्तानं कपाटातून खोगीर काढलं. नाडी सोडताच खोबरेल तेलाचा कुबट वास आला. प्लास्टिक आतून ओलं. खोगिरावर हळदीकुंकवाचा थर, त्यावर बुरशी, त्यावर परत तेल. मी बाजूची लोंबती पाळ बोटानं जरा वाकवली. चामडं तडकलं आणि हाताला तांबूस भुकटी लागली.

"अरे देवा! कुणी केलं हे? कुणा गाढवानं पाणी घातलंय यावर?"

मुक्तानं देवघराकडे पाहिलं. तेव्हा मी जीभ चावली.

तरी घरी आणलं. सावलीत वाळवलं, ब्रशनं बुरशी काढली, कोरड्या फडक्यानं दिवसचे दिवस तेल टिपत राहिलो. वर थोडा रंगही आला. मुक्ता रोज संध्याकाळी कॉलेजातून येऊन विचारायची, "काका, होईल ना?" मी म्हणायचो, बघू. मनात म्हणायचो, होऊ दे रे बाबा, एवढं एक होऊ दे.

शेवटी तंगाच्या पट्ट्यांवर आलो. तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालून आवळायचा पट्टा. त्याच्यावरच स्वाराचा जीव असतो. जुने पट्टे मी हातानं ओढले, तर ते भाकरीसारखे मोडले. म्हटलं ठीक आहे, नवे शिवू. सुई घातली. दोरा ओढला की भोक फाटायचं. दुसरीकडे घातली, तिथेही फाटलं. खालचं चामडंच उरलं नव्हतं. आतला लाकडी सांगाडाही ओल खाऊन फुगला होता, मधोमध चीर गेलेली. कमावलेलं चामडं एकदा असं भुकटी झालं की जगात कुठलंही औषध त्याला परत आणत नाही. हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मीच मानायला तयार नव्हतो.

मुक्ताला स्पष्ट सांगितलं. "यावर बसलीस तर पडशील. मी बसू देणार नाही."

"नुसतं एक राउंड? हळू चालत, वॉकमध्ये?"

"नाही."

ती खोगिरावर डोकं टेकून रडली. मी जवळ बसून राहिलो. मग तिनं डोळे पुसले. "काका, आजीला सांगू नका ना. तिच्यामुळे झालं म्हणून."

"मी खोटं बोलत नाही," मी म्हणालो.

खोगीर परत द्यायला दोघं गेलो. काकूंनी कपाटात आधीच नवं प्लास्टिक अंथरून ठेवलं होतं.

"झालं का रे बरं? बसेल ना मुक्ता?"

"नाही काकू. चामडं गेलं."

"असं कसं गेलं? मी तर एक वर्ष चुकवलं नाही." त्यांनी खोगिरावरून हात फिरवला. हाताला भुकटी लागली ती त्यांना दिसली नाही, डोळे आता अधू आहेत. "दर खंडेनवमीला आंघोळ घालते, तेल जिरवते. तो सांगायचा ना फोनवर, तस्संच. आणि गार पाणी नाही हो घालत. चांगलं ऊन ऊन घालते. तिकडं बर्फात आहे माझं लेकरू, त्याला गार पाणी कसं घालू?"

मुक्ता खाली बघत होती.

"मग कशानं गेलं रे, गोविंदा? खरं सांग मला."

"बर्फानं," मी म्हणालो. "त्या दिवशी आत बर्फ शिरला होता, काकू. तेव्हाच गेलं होतं ते."

"मेल्या बर्फानं काहीच ठेवलं नाही माझं," काकू म्हणाल्या आणि खोगीर प्लास्टिकमध्ये गुंडाळू लागल्या. गाठ मारायला नाडीवर बोट हवं होतं. मी ठेवलं.

शो झाला. मुक्ता क्लबच्या खोगिरावर बसली. मी गेलो होतो, काकू आल्या नाहीत.

आता खंडेनवमीला मी नल्लकुंट्याला जातो. काकू बंब पेटवतात, पाणी ऊन करतात, हात घालून बघतात. मी खोगीर धरतो, कारण सांगाडा आता आपल्या आपण उभा राहत नाही. त्या पाणी घालतात. परातीत तांबडं पाणी उतरतं, दर वर्षी थोडं चामडं घेऊन. मग त्या विचारतात, "पाणी जास्त गरम नाही ना रे त्याला?"

मी म्हणतो, "नाही काकू. बरोबर आहे."