दहा वाजताचं कुलूप

माझी जीभ तिखट आहे. गावातल्या निम्म्या आया मला घाबरूनच पोरं अंगणवाडीत पाठवतात, असं आमची मदतनीस म्हणायची आणि मला त्याचं कौतुक वाटायचं. आता वाटत नाही.

आमचं गाव खोडदच्या बाजूला. उन्हाळा लागला की पोरं मामाच्या गावाला पांगतात, उरलेली आईबरोबर कांदे काढायला रानात जातात, आणि चटईवर सहा-सात डोकी राहतात. त्या वर्षी वरून निरोप आला, उन्हाळ्यातही पालकांना धरून ठेवा, तुटू देऊ नका. मी लगेच मोबाइलवर आयांचा ग्रुप केला. रोज सकाळी एक काम टाकायचं. आज पोराकडून भेंड्या मोजून घ्या, उद्या पानांचे ठसे काढा. आया हौसेनं फोटो टाकायच्या. कुणी मंचरहून, कुणी कल्याणहून. तालुक्याच्या बैठकीत पर्यवेक्षिकेनं माझा ग्रुप सगळ्यांना दाखवला आणि मी टम्म फुगले.

तिथंच कुणीतरी विचारलं, ज्यांच्याकडे असा मोबाइल नाही त्यांचं काय? मी म्हणाले, आमच्याकडे एकच घर आहे, मेंढरंवाल्यांचं. ती माणसं एका जागी कुठं टिकतात, आणि त्यांना शाळेचं काय पडलंय? दोघी-तिघी हसल्या. मीही हसले. हे लिहिताना आजही कान तापतात. कारण मला पक्कं ठाऊक होतं, ही माणसं दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरतात आणि होळीच्या सुमाराला परत येतात. सगळ्या गावाची पोरं पांगतात, नेमकी तेव्हाच त्यांची पोरगी गावात असते.

पोरगी पाच वर्षांची. जूनमध्ये पहिलीत जायची होती. परत आल्यावर पहिले पंधरा दिवस तोंडातून शब्द नाही. मग एके दिवशी चिंचोके मांडताना, एकाच्या खाली दोन, दोनाच्या खाली तीन, ती माझ्याबरोबर मोठ्यानं मोजायला लागली. पाचापर्यंत आली. त्या दिवशी तिच्या आईला मी दारातच सांगितलं, आता खाडा करू नका, नाहीतर पोरगी पुन्हा मुकी होईल. आईनं मान हलवली.

एप्रिलमध्ये ऊन तापलं तशी मी अंगणवाडीची दुपारपर्यंतची वेळ बदलली. साडेसातला उघडायचं, दहाला कुलूप. ग्रुपवर टाकलं, सगळ्यांचे अंगठे आले. दारावर कागद लावायचा राहिला. राहिला कसला, लावलाच नाही. कशाला लावायचा, सगळ्यांना कळलंय, असं वाटलं.

त्यानंतर एक वेगळीच कटकट सुरू झाली. रोज सकाळी ओट्यावर लेंड्या पडलेल्या. मी चार दिवस मुकाट्यानं झाडल्या. पाचव्या दिवशी शेजारच्या शेळीवालीला फैलावर घेतलं. तीही काही कमी नाही. ओट्यापाशी आली, बघितलं आणि म्हणाली, "बाई, माझ्या शेळ्या काय वळीनं लेंड्या टाकत्यात व्हय?"

खरंच त्या ओळीनं होत्या. मी बघितल्या, आणि झाडून टाकल्या. माझा राग नाकावर होता, डोळे कुठं होते कुणास ठाऊक.

पोरगी येईना म्हणून तिच्या नावापुढं मी 'स्थलांतरित' लिहून टाकलं. नाव कमी करायचं तर पालकाची सही किंवा अंगठा लागतो, म्हणून कागद पर्समध्ये घातला आणि विचारत विचारत त्यांच्या वाड्यावर, मेंढरांच्या तळावर, गेले. कांदे निघालेल्या एका रानात मेंढरं बसवली होती. लांबवर खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या तबकड्या आभाळाकडं तोंड करून उभ्या होत्या. आईनं मला पाहिलं, पदर सावरला आणि घोंगडी अंथरली. चहा ठेवायला ती वळली तेव्हा मला पालाच्या सावलीत ती पोरगी दिसली.

ती लेंड्या मांडत होती. एक. खाली दोन. खाली तीन. पाचापर्यंत.

ओट्यावरून झाडलेल्या ओळी आठवल्या. तरी मी विचारलं, येत का नाही म्हणून. आई म्हणाली, "येत व्हतो की बाई. मेंढरं सोडून यायचं तर साडेधा व्हत्यात. आठ-धा दिस आलो, रोज कुलूप. ही म्हनायची, बाई येतील, थांबू. वट्यावर अब्यास मांडून बसायची. मग उनाचं परत यायचं." आणि वर तीच ओशाळून म्हणाली, "सुट्टी आसंल, आमालाच इचारायचं कळालं न्हाई."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर संन्यासीच माफी मागत होता. मी तेव्हाच सांगायला हवं होतं, बाई, चूक माझी, मी तुमच्यापर्यंत निरोपच पोचवला नाही. सगळ्या गावाला टाकून बोलणारी माझी जीभ टाळूला चिकटून बसली. एवढंच म्हणाले की उद्यापासून अकरापर्यंत उघडं ठेवीन. ठेवलंही. पण ते तोंड चुकवल्यासारखंच होतं.

चहा आला. आई पोरीला म्हणाली, "बग, म्हनलं व्हतं ना, बाई शोधत येतील."

मांडीवर पर्स होती. आत कागद होता, शाईचं पॅडसुद्धा होतं.

पोरगी हळूच जवळ आली. हात फ्रॉकला पुसले. तिला काय विचारायचंय ते आईला माहीत असावं, ती हसली. पोरगी म्हणाली, "बाई, किल्ली हारवली व्हती का?"

मी तिच्याकडं बघितलं नाही. हो म्हणाले.

"घावली?"

"घावली," मी म्हणाले.