कृष्णकांतांचा उघडा समुद्र

मद्रासजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात कारकून असलेले कृष्णकांत मूळचे वेंगुर्ल्याचे. कचेरीत साहेब त्यांचं टिपण तीनतीनदा परत पाठवत, घरात प्रमोदिनीपुढे त्यांचं काही चालत नसे. पण त्यांनी मासा पारखला की क्वार्टर्समधले सगळे मराठी लोक मान डोलवत. बिचाऱ्याला मान मिळायची तेवढीच एक जागा, आणि तिला ते जिवापाड जपत.

शेजारचे तुळजाजी तंजावरकडचे मराठे. त्यांच्या मते तळ्यात पाळलेली बोय मासळी समुद्रातल्या बोयीपेक्षा गोड. "तळ्यातली म्हणजे नुसता चिखल," कृष्णकांत म्हणत. "एका घासात ओळखीन. उगीच का तिला निम्मा भाव?" तीन वर्षं हा वाद चालला. शेवटी एकोणीसशे सासष्टच्या नोव्हेंबरात, एका रविवारी, त्यांनी तुळजाजींना समुद्राची बोय खायला बोलावलं. साक्षीला आणखी चार शेजारी.

बाजारात मासेवाली धनलक्ष्मी म्हणाली, "सार, समुद्र खवळलाय. पाच दिवस एक होडी गेली नाही. ही तळ्यातली."

कृष्णकांत हसले. नारळी पौर्णिमेला त्यांनी स्वतः मरीनावर जाऊन नारळ वाहिला होता. नारळ वाहिला की समुद्र उघडला, हे वेंगुर्ल्याचं शेंबडं पोरही सांगेल. मद्रासचा पाऊस दिवाळीला येतो आणि इथला समुद्र तेव्हाच बंद होतो, हे त्यांच्या डोक्यात शिरणं शक्यच नव्हतं. बाई चांगला माल दुसऱ्यासाठी राखतेय, असं ठरवून त्यांनी समुद्राचा पुरा भाव तिच्यापुढे टाकला आणि बोय उचलली.

पानात मासा पडला. कृष्णकांतांनी डोळे मिटले. "लाटांशी झुंजलेलं अंग आहे हे. खारं वारं लागतंय जिभेला. काय तुळजाजी, येतोय चिखलाचा वास?"

"नाही की," म्हणत तुळजाजींनी तिसरा तुकडा घेतला.

तेवढ्यात घर विचारत विचारत धनलक्ष्मी दारात आली. "सार, जास्तीचे पैसे घ्या. तळ्याच्या माशाला समुद्राचा भाव कसा घेऊ?"

जेवणारे हात थांबले. कृष्णकांतांचे कान लाल झाले. भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना मनापासून वाटलं. प्रमोदिनीने पैसे घेऊन बाईला वाटेला लावलं.

तुळजाजींनी कालवणाचं पातेलं स्वतःकडे ओढलं, पळी बुडवली आणि अगदी आर्जवाने विचारलं, "थोडा चिखल आणखी वाढू का?"

कृष्णकांतांनी पानाकडे पाहिलं. काट्यांखेरीज काही उरलं नव्हतं.

"डोक्याकडचा वाढा," ते म्हणाले.