डाव्या सीटवरची टोपी

फौजेत सतरा वर्षं काढली, त्यातली नऊ दत्ताबरोबर. फौजेत एकटा माणूस पाणी आणायलाही जात नाही. प्रत्येकाला बडी असतो. एक चालतो, दुसरा पाठ सांभाळतो. माझा बडी दत्ता, महाळुंग्याजवळच्या वाडीतला, शेतकऱ्याच्या घरातला. घोरायचा असा की बंकर हादरायचा. गार्ड ड्युटीवरून यायला मला उशीर झाला की माझ्या वाटणीचा चहाही पिऊन टाकायचा आणि वर म्हणायचा, "राव, तुला गार झालेला चालत न्हाई ना!" असा राग यायचा! आज तेच आठवून हसू येतं.

पेन्शनवर आलो आणि माजी सैनिकांच्या जागांवर दोघंही पोलिसात लागलो. फौजेतल्या नायक हुद्द्यावरून पुन्हा शिपाई झालो. ठाणं एकच मिळालं, पण गाड्या दोन. तो गाडी तीनवर, मी पाचवर.

पेट्रोलिंगच्या गाडीत दोन माणसं हवीत. रजिस्टरवर दोन नावं असायचीही, पण दुसरा कुठंतरी बंदोबस्ताला गेलेला. मग ड्रायव्हरनंच स्टिअरिंग धरायचं, त्यानंच वायरलेसवर बोलायचं, त्यानंच उतरून एखाद्याची कॉलर पकडायची. आणि पाठीमागं कोण? कोणी नाही. माझं डोकं फिरायचं. दोनदा साहेबांना बोललो. "माणसं कुठून आणू?" म्हणाले. त्यांचंही खरंच होतं.

फौजेत रिकाम्या मोर्च्यावर आम्ही हेल्मेट ठेवायचो, लांबून माणूस वाटावा म्हणून. तीच युक्ती मी दत्ताला सांगितली. डाव्या सीटला जर्किन अडकव, वर टोपी ठेव. वायरलेसवर 'मी' म्हणू नकोस, 'आम्ही दोघं' म्हण, कारण गाडीबाहेर उभ्या माणसाला सगळं ऐकू जातं. दत्ता जाम खूश. त्या टोपीला तो साहेब म्हणायचा. "आमचं साहेब चहा मागत न्हाईत, येवढं बरं हाय."

त्या दिवशी दुपारी दोन चाळीसला मी कंपन्यांच्या बसच्या रांगेत अडकलो होतो. शिफ्ट सुटायची वेळ. सेटवर दत्ताचा आवाज आला.

"कंट्रोल, गाडी तीन. बंद शेडमागं टेम्पोत चोरीचा माल भरतायत. पाच-सहा जण."

"गाडी तीन, तुम्ही किती?"

थोडी खरखर झाली. "आम्ही दोघं."

"ठीक. थांबवून ठेवा. मदत वीस मिनिटांत."

कंट्रोलवर नवा माणूस होता आणि त्याच्या कागदावरही दोघंच होते. 'तो एकटा आहे' असं मी सेटवर ओरडलो असतो, तर त्या पाच-सहा जणांनीही ते ऐकलं असतं. हँडसेट तोंडापाशी नेला आणि खाली ठेवला. फोनवरून कंट्रोलला लावलं, एंगेज. दत्ताला लावलं, रिंग वाजत राहिली. हुकूम मिळाल्यावर तो गाडीत बसणारा नव्हताच. सायरन लावून राँग साइडनं गाडी घातली.

दोन एक्कावन्नला पोचलो. टेम्पो गेला होता. दत्ता बोनेटजवळ पडला होता. डोक्यात मागून रॉड घातला होता, डाव्या बाजूनं. फौजेत ती बाजू माझी असायची. टोपी सीटवर तशीच होती.

त्याचं डोकं मांडीवर घेतलं. डोळे किलकिले करून म्हणाला, "आलास व्हय? साहेब काय कामाचं न्हाई, राव." दवाखान्यात पोचायच्या आत गेला. सगळ्यांदेखत मी ढसाढसा रडलो.

माणसं पुढं पकडली गेली. चौकशीत विचारलं, 'आम्ही दोघं' ही कल्पना कोणाची? माझी, म्हणालो. बडीला बडीच हवा, टोपी नाही, एवढं कळायला मला दत्ता घालवावा लागला.

आता रिटायर होऊन रावेतला मुलाकडं राहतो. दत्ताच्या वर्षश्राद्धाला दरवर्षी वाडीवर जातो. वहिनी माझ्यापुढं चहाचे दोन कप ठेवतात. एक माझा, एक त्याच्या वाटणीचा.

गेल्या वर्षी त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, "भावजी, खरं सांगा. शेवटी ते एकटंच व्हते का?"

"नाही वहिनी. आम्ही दोघं होतो."

मी पोचायच्या आधीची अकरा मिनिटं सांगितली नाहीत. दुसरा कप उचलला. चहा पार गार झाला होता. तरी सगळा प्यायलो.