पाय न टेकवता चारठाण्याला

मला ओळखणारी माणसं माझ्या बोलण्यातलं निम्मं वजा करून ऐकतात, आणि तेवढंही माझ्यावर उपकार म्हणून. माझ्या तोंडी आमच्या विहिरीतला मासा हातभर लांब असतो आणि शेतातला साप या बांधापासून त्या बांधापर्यंत. म्हणून आधीच विनंती करून ठेवतो, की यातलं काही वजा करू नका. या एका गोष्टीपुरती वजाबाकी मीच करून बसलो आहे.

नामांतराच्या वादानं मराठवाडा तापला होता, त्या वर्षांतली ही गोष्ट. आमच्या गावात विद्यापीठ डोळ्यांनी पाहिलेला माणूस शोधून सापडला नसता, पण त्याच्या नावाबद्दल मत नाही असाही कुणी नव्हता. पारावर माझा आवाज सगळ्यांत मोठा. गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या माणसांबद्दल मी तिथं काय काय बोललो ते लिहीत नाही. बोललो, लोक हसले, म्हणून आणखी बोललो, एवढं कबूल करतो.

त्यातल्याच एका माघात माझी बायको मुदतीच्या तापानं अंथरुणाला खिळली. अठरा दिवस झाले तरी ताप हटेना. सेलूच्या डॉक्टरांनी औषध बदललं, पुन्हा बदललं, आणि अठराव्या दिवशी तपासून झाल्यावर माझ्याशी न बोलता पिशवीचा पट्टा लावत बसले. त्या पट्ट्याला एवढा वेळ लागत नाही हे मला कळत होतं. देवावर माझा विश्वास तोवर जत्रेतल्या कुस्त्यांपुरता आणि प्रसादापुरता होता. पण त्या संध्याकाळी तुळशीपुढे उभा राहिलो आणि चारठाण्याच्या महादेवाला साकडं घातलं. साध्या माणसानं ‘दर्शनाला येतो’ म्हटलं असतं. मी म्हणालो, “उद्या घरापासून तुझ्या पायरीपर्यंत सायकलीवर येतो. जमिनीला पाय न टेकवता. पण हिला उठीव.”

आई मागं उभी होती. ती म्हणाली, “अरे, देवासंगंबी बाता मारायलास का? निस्तं येतो म्हणायचं की.”

मी म्हटलं, बदलून घेतो. ती म्हणाली, “बोललास ते बोललास. आता शब्दाला शब्द. पाय टेकला, तर मला येऊन सांगू नको.”

आमच्याकडे नवसाची रीत अशीच आहे. जे तोंडातून गेलं तेच फेडायचं, त्यात काटछाट नाही. माझ्या तोंडातून आजवर जे जे गेलं होतं ते सगळं फेडायची वेळ आली असती तर सात जन्म पुरले नसते. देवानं नेमकं हेच धरलं.

सायकल सासऱ्यांनी लग्नात दिलेली. काळी, उंच, म्हशीसारखी दणकट. सकाळी ओट्यावरूनच तिच्यावर बसलो. आईनं मागून धरली आणि सोडली. पुढे आठ कोस. एरवी मी अकरा सांगतो.

एक गोष्ट मला आजवर नीट सांगता आलेली नाही. ज्या रस्त्यानं मी जन्मभर एसटीत पेंगत गेलो, तो रस्ता त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मराठवाडा म्हणजे काळी आणि सपाट, असं म्हणणाऱ्याला माझ्या कॅरिअरवर बसवून न्यायला हवं. इथली जमीन झोपलेल्या जनावराच्या पाठीसारखी वरखाली होते. चढ दिसत नाही, पण मांड्यांना कळतो. दोन्हीकडे रब्बीची ज्वारी, कणसं भरून वाकलेली, मध्येच करडईचा पिवळाजर्द पट्टा. लांबवर जिंतूरकडचे डोंगर निळसर. बंद पुकारलेला, एसटी थांबलेल्या, त्यामुळे रस्त्यावर मी, घुमणारे होले आणि माझ्या साखळीची कुरकुर. एका गावाची दगडी वेस रस्त्याला लागूनच होती. तिच्या पायथ्याशी वीरगळ टेकवून ठेवलेली, त्यावरचा घोडेस्वार झिजून गुळगुळीत झालेला, आणि शेजारी एक म्हातारा त्याच उन्हात त्याच्यासारखाच झिजून बसलेला. त्यानं माझ्याकडे पाहून हात जोडले. मीही मान वाकवली. मनात आलं, एवढं सगळं हिला दाखवायचं राहिलं आहे. आणि पायडल जोरात मारलं.

देवगाव फाट्यावर फजिती झाली. तिथला हॉटेलवाला बायकोच्या माहेरचा, नात्यानं मेव्हणा. त्यानं हाक मारली. थांबता येईना आणि न थांबणं बरं दिसेना, म्हणून मी फाट्याला गोल फेरी मारली. मग दुसरी.

“दाजी, उतरा की. चहा टाकलाय.”

“उतरता येत न्हाई.”

“का? ब्रेक गेला का?”

तिसऱ्या फेरीत मी साकडं सांगितलं, चौथीत त्याच्या अक्काचा ताप किती ते सांगितलं. बाकड्यावरची चार माणसं माना फिरवून फिरवून ऐकत होती. एकजण म्हणाला, “ह्यो गडी बोलण्यात असाच फिरवितो, आज खरंच फिरायलाय.” सगळे हसले. मेव्हणा हसला नाही. पाचव्या फेरीला तो बशीत चहा घेऊन रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. मी जाता जाता एका हातानं बशी उचलली, निम्मा चहा अंगावर, निम्मा पोटात, आणि सहाव्या फेरीला बशी परत. तो फक्त एवढं म्हणाला, “दाजी, आता बोलू नका. जा.”

चारठाणा दीडेक कोसावर राहिलं असेल. अंगातलं पाणी सरलं होतं. समोर चढ आला. त्या चढाला मी पुढे कितीतरी वेळा गौरीशंकर केलं आहे. खरं तर तो बैलगाडीचा साधा चढ. पण ऐन मध्यावर रोजगार हमीचं काम चाललेलं. रस्ताभर ताजी खडी पसरलेली, कडेला जायला जागा नाही. कडेच्या ढिगांवर बायका खडी फोडत बसलेल्या. मी तसाच घुसलो. पुढचं चाक रुतलं, हँडल वळलं, सायकल डावीकडे कलली. मला बायकोचा चेहरा दिसला. पाय आपोआप खाली गेला.

तो जमिनीवर पडला नाही. मऊ लागलं म्हणून खाली पाहिलं. माझ्या टायरच्या चपलेखाली एक उघडा पाय होता. घमेलं टाकून धावत आलेल्या एका बाईनं कॅरिअर दोन्ही हातांनी धरलं होतं, आणि पाय माझ्या पायाखाली आला होता. कसा आला हे तिलाही ठाऊक नसावं. पन्नाशीची, पदर कमरेला खोचलेली, डोक्यावर चुंबळ तशीच.

पाय उचलावा तर तोल जाणार, अशी गत. तिला म्हटलं, मावशी, मला पाय टेकवायचा नाही, नवस आहे, घरी बायको तापात आहे. एवढंच. आयुष्यात इतकं थोडक्यात मी कधी बोललो नव्हतो.

ती म्हणाली, “मग ऱ्हाऊ द्या. माझ्या पायावर हाय, जमिनीवर न्हाई.”

खाली अणकुचीदार खडी, वर मी, पावणेदोन मणाचा. तिच्या तोंडावर सुरकुतीसुद्धा हलली नाही. दुसरीनं तांब्या भरून आणला आणि माझ्या हाताजवळ येऊन थबकली. मावशीच बोलली, “आमी वस्तीतल्या हाव. चालंल का, ते आधी सांगा.”

पारावरचं माझं सगळं बोलणं त्या उन्हात माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. आमच्याकडे अशा वेळी भांड्याला तोंड लागू नये म्हणून वरून पाणी ओतायचं आणि ओंजळीनं प्यायचं. पण ओंजळीला दोन हात लागतात, आणि माझा एक हँडलवर होता. मी तांब्याच घेतला आणि तोंडाला लावला. तांब्या रिकामा झाला तेव्हा सगळ्या बायका हातातलं काम थांबवून पाहत होत्या.

“नाव काय बायकोचं?” मावशीनं विचारलं. मी सांगितलं. तिनं ते एकदा हळू म्हणून पाहिलं, आणि बाकीच्यांना हाक मारली. चौघींनी मिळून मला खडीच्या पार ढकलून दिलं. मागं वळून पाहावं तर तोल जाणार. मी वळलो नाही, तिचं नावही विचारलं नाही. ही चूक माझ्या सगळ्या थापांहून मोठी आहे.

चारठाण्यात शिरताना ती जुनी दगडी देवळं, बारव, उंच दीपमाळ अशी दिसू लागतात, जणू डोंगरानंच कुणाच्या तरी स्वागताला कोरीव दगड पुढे पाठवले आहेत. सायकल देवळाच्या पायरीला टेकवून मी पाय थेट पायरीवर ठेवला. नमस्काराला वाकलो आणि डोळ्यांपुढे पिंड येईना. भेगाळलेला, खडीच्या धुळीनं पांढरा झालेला पाय येई, आणि त्यावर माझी चप्पल.

दिवेलागणीला घरी पोचलो. आई ओट्यावर. म्हणाली, उन्हं माथ्यावर असताना हिला दरदरून घाम फुटला, आणि आता भाताची पेज मागायलीय. उन्हं माथ्यावर असताना मी देवळात होतो की खडीत, हे मला सांगता येत नाही. घड्याळ नव्हतं. एरवी मी ते ठरवून टाकलं असतं.

दोन दिवसांनी बायको भिंतीला टेकून बसली आणि तिनं विचारलं, “खरंच पाय टेकला न्हाई का?” मी सगळं सांगितलं, पायावरचा पायही आणि तांब्याही.

“मग नवस तुमी न्हाई फेडला,” ती म्हणाली. “तिनं फेडला.”

बायको हिंडूफिरू लागल्यावर मी साडी-चोळी घेऊन त्या चढावर गेलो. खडीवर रोलर फिरला होता, काम आटोपलं होतं, बायका कुठल्या तरी दुसऱ्या कामावर गेल्या होत्या. आसपासच्या वस्त्यांवर विचारलं. कोण म्हणून विचारणार? नाव नव्हतं. साडी शेवटी एका म्हातारीच्या हातात दिली. तिनं का म्हणून विचारलं, ते मला नीट सांगता आलं नाही. पारावर मी नंतरही बसलो, विहिरीतला मासा अजूनही हातभरच आहे. पण वस्तीतल्या माणसांबद्दल बोलणं निघालं की माझ्या तळपायाखाली ती मऊ जागा येते आणि तोंड आपोआप मिटतं. देवाला मी पराक्रम दाखवायला निघालो होतो. त्यानं मला तोल जाईपर्यंत जाऊ दिलं, आणि मग कुणाच्या तरी पायावर उभं केलं. याहून जास्त मला कळलेलं नाही, आणि कळलं असं सांगतही नाही.

दर माघात मी अजून सायकलीवर चारठाण्याला जातो. फाट्यावर थांबतो, बाकड्यावर बसून पुरा चहा पितो. तो चढ आला की मात्र उतरतो, चपला काढून हँडलला अडकवतो, आणि दोन्ही पाय टेकवत, सायकल हातात धरून, वरपर्यंत चालत जातो.