तळ्यावरची परीक्षा

माणसाचा खरा स्वभाव समुद्रसपाटीला कळत नाही, असा सिद्धान्त मांडणारे एक थोर विचारवंत तेव्हा मद्रासला टी. नगरमध्ये राहत होते. त्यांना लग्नाची मुलगी होती, म्हणून तो सिद्धान्त मला ऐकून घ्यावा लागला. घराणं तंजावरचं, मराठी पणजोबांच्या काळातलं आणि बोलण्याची चाल तमिळ. "इथल्या उकाड्यात सगळेच शांत दिसतात हो. भांडायला त्राण कुणाला?" म्हणून आलेल्या प्रत्येक स्थळाला ते आपल्या जुन्या मोटारीत घालून कोडाईकनालला नेत आणि तिथून रानातल्या एका उंचावरच्या तळ्यापर्यंत चालवत. आधीच्या स्थळाला त्या तळ्याकाठी काव्य सुचलं होतं. ते स्थळ तिथेच बारगळलं.

मला मुलगी मनापासून आवडली होती. निघताना ती हळूच एवढंच म्हणाली, "अण्णांच्या पुढे चालू नका."

अण्णांनी लोकरीचा कोट मद्रासलाच चढवला, थंडीची सवय व्हावी म्हणून. घाटात तर प्रत्येक वळणाआधी ते मोटार थांबवत, उतरून वळणापलीकडे पायी पाहून येत आणि मग गाडी पुढे काढत. "समोरच्याच्या मनात काय आहे ते कळायला नको?" मागे बसलेल्या त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "चालतच गेलो असतो तर एव्हाना पोचलो असतो!"

पायवाट संपली तेव्हा धुकं इतकं दाट होतं की अण्णांचा कोटही अंदाजानेच दिसत होता. ते हात जोडून उभे राहिले. बऱ्याच वेळाने गंभीरपणे म्हणाले, "काय वाटतं?"

चांगलं बोलावं तर आधीच्याची गत आठवत होती.

"खरं सांगू? मला काहीच दिसत नाही."

दगडावर बसून चिंचेच्या भाताचा डबा उघडणाऱ्या अण्णांच्या पत्नी म्हणाल्या, "अय्यो, मला तरी कुठं कधी दिसलंय! दर खेपेला धुकंच. मागच्या त्या मुलाला तर कमळंसुद्धा दिसली होती!"

अण्णांनी कोटाची बटणं सोडली, मटकन खाली बसले आणि मोठा श्वास टाकला. "सुटलो बाबा. जावई मिळाला. आता गुडघ्यांना पुन्हा हा डोंगर नको." त्या भातासारखा भात मी नंतर कधी खाल्ला नाही.

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मध्यंतरी आम्ही दोघं तिथे गेलो. हवा स्वच्छ होती. अण्णा हात जोडून उभे राहत ती जागा मी हिला दाखवली. ही डोळे पुसत बराच वेळ तिथे उभी होती.

तळं खरोखरच आहे, आणि सुंदर आहे. फक्त ते पाठीमागच्या बाजूला आहे.