नऊशे कार्डं, चार बरण्या

“दुसऱ्या जागी ठेवलं का?” असं विचारताना आमच्या ताई दोन बोटांनी टेबलावर टकटक करायच्या. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण ताईंची तऱ्हा निराळी. घराची एक किल्ली पर्समध्ये, दुसरी शेजारणीकडे, तिसरी आमच्या सदर भागातल्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. आंब्याचं लोणचं दरसाल चार बरण्यांत भरून आम्हा चौघा सहकाऱ्यांच्या घरी ठेवायला देत. “एका घरी बुरशी लागली, तं तीन घरी राहते.” राखणदार अर्धी बरणी फस्त करतात, हे त्यांनी गृहीतच धरलेलं असे.

खात्याच्या परीक्षेचा त्यांचा तिसरा आणि शेवटचा प्रयत्न होता. पास झाल्या तर बढती, नाही तर निवृत्तीपर्यंत तीच खुर्ची. त्यांनी मोबाइलवरच्या अभ्यासाच्या ॲपात सेवानियमांची नऊशे कार्डं स्वतः टाइप केली. समोर प्रश्न, बोट लावलं की मागे उत्तर. मग सगळ्यांचा बॅकअप काढून फाइल आम्हा चौघांना पाठवली. मी म्हटलं, ऑनलाइन ठेवा की. तर म्हणाल्या, “हवेत ठेवलेलं लोणचं मी खात नाही.”

मे महिन्यात, परीक्षेला नऊ दिवस असताना, कूलरमध्ये पाणी भरताना त्यांचा फोन टाकीत पडला. ॲप रोजचा बॅकअप आपोआप काढत होतं म्हणे, पण त्याच फोनमध्ये. तोही बुडाला.

दुसऱ्या दिवशी नवा फोन घेऊन त्या बरण्या गोळा करायला निघाल्या. पहिल्याने लग्नाच्या व्हिडिओंना जागा हवी म्हणून फाइल उडवली होती. दुसऱ्याने फोनच बदलला होता. तिसऱ्याने ती फसवणुकीची फाइल समजून आल्या मिनिटाला पुसली होती. ताई माझ्या टेबलाशी आल्या. “भाऊ, तुमच्याजवळ तं आहे नं?”

“आहे,” मी छाती काढून म्हणालो, आणि लगेच माझे कान तापले.

कारण मंडळी, मी ती फाइल माझ्या फोनवर उघडली होती आणि डबा खाता खाता काही उत्तरं बदलली होती. गंमत म्हणून. ‘कार्यालयात झोप आल्यास?’ असं एक नवं कार्डही घातलं होतं. मागे उत्तर, ‘पंखा एकवर ठेवावा.’ मूळ फाइल केव्हाच काढून टाकली होती. जगात उरलेली एकमेव प्रत माझी, आणि तीत माझी कलाकारी.

“ताई, त्यात माझं थोडं मीठ पडलं आहे.”

“किती?”

“आठवत नाही.”

ताईंनी नवा फोन माझ्या टेबलावर ठेवला. “काहून गा असं केलं?” एरवीचं ‘भाऊ’ त्यात नव्हतं.

तरी माझ्या ॲपातून काढून दिलेली फाइल त्यांनी घेतलीच. परत भरताना ॲपने इशारा दिला, आताचं सगळं जाईल. नव्या फोनवर त्यांनी सकाळपासून एकच कार्ड केलं होतं. ते तळहातावर पेनाने उतरवून घेतलं, मग ‘होय’ दाबलं. नऊशे कार्डं परत आली आणि शिक्षाही ठरली. “तुमचं मीठ तुम्हीच वेचा.”

आठ दिवस डब्याच्या सुट्टीत मी कार्ड वाचायचो, त्या नियमांच्या पुस्तकात पडताळायच्या. उघड विनोद लगेच सापडले. साळसूद थापा मात्र मलाही ओळखू येईनात. पंधरा दिवसांचे मी पंचवीस केले होते की ते मुळात पंचवीसच होते? त्यामुळे खऱ्या उत्तरांवरही संशय घेणं भाग होतं. सहाव्या दिवशी त्या पुस्तक न उघडताच पान सांगू लागल्या. पंख्याच्या कार्डाला इतक्या हसल्या, की चष्मा डाळीत पडला. दुसरा चष्मा अर्थातच ड्रॉवरमध्ये होता.

परीक्षेत अर्धपगारी रजेचा प्रश्न आला, तेव्हा त्या एकट्याच खुदखुदल्या. पर्यवेक्षकांनी येऊन त्यांचा पदर, पट्टी, पाण्याची बाटली, सगळं तपासलं. काही मिळालं नाही.

त्या पास झाल्या, बढती मिळाली, बदली गोंदियाला. आता त्यांच्या खुर्चीवर नवे साहेब टॉवेल टाकतात आणि टेबल कोणी वाजवत नाही.

जाताना चौघांना पुन्हा चार बरण्या आणि फाइल देऊन गेल्या. मी फाइल उघडली. एकूण एक कार्ड धुऊनपुसून लख्ख. फक्त एक तसंच ठेवलेलं: ‘अर्धपगारी रजा कोणाला मिळते?’ मागे माझं उत्तर, ‘ज्याची बायको माहेरी गेली त्याला.’

खाली ताईंनी भर घातली होती: ‘ती परत आल्यास रजा रद्द. हे कार्ड दुसऱ्या जागी ठेवावे.’

ते मी तीन ठिकाणी ठेवलं आहे.